कर्ज देणाऱ्याचा सल्ला चुकला, तर दाद कुठे मागायची?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली घरे एके काळी मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर उभी राहत. चाकरमानी वर्षाला थोडेथोडे पैसे साठवायचा. एका उन्हाळ्यात जोते व्हायचे, दुसऱ्या उन्हाळ्यात भिंती, तिसऱ्या उन्हाळ्यात छप्पर. घर व्हायला दहा वर्षे लागली तरी डोक्यावर कर्ज नसायचे. आता चित्र पालटले आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार, पोलादपूरचा शिक्षक, दासगावचा दुकानदार किंवा मुलगा मुंबईत नोकरीला असलेले गावाकडचे आईवडील, हे सगळे घरासाठी कर्ज काढतात. पंधरा-वीस वर्षांचा हा करार बहुतेकांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो. आणि तो पुष्कळदा टेबलापलीकडच्या माणसाच्या एका वाक्यावर केला जातो. ते वाक्य म्हणजे, "काळजी करू नका, मी सांगतो तसे करा."

सांगणारा माणूस प्रामाणिक असू शकतो. पण त्याचा सल्ला चुकीचा निघाला तर? हप्ता तर आपल्यालाच भरायचा असतो आणि तारण आपलेच घर असते. अशा वेळी दाद मागता येते का, कोणाकडे आणि कशाच्या आधारावर, हे आज समजून घेऊ.

चुकीचा सल्ला म्हणजे नेमके काय?

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. व्याजदर वाढला आणि हप्ता जड झाला, एवढ्यावरून कोणी आपल्याला फसवले असे होत नाही. बदलत्या दराचे कर्ज घेतले की दर बदलणारच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा देशभरातल्या कर्जदारांना ही झळ बसली. "व्याज पुढे कमी होईल असे वाटते" हा अंदाज झाला. अंदाज चुकला म्हणून भरपाई मिळत नाही. मात्र "हा दर वीस वर्षे बदलणार नाही" हे विधान आहे. करारात दर तीन वर्षांनी दर बदलण्याचे कलम असताना असे सांगितले असेल, तर ती चुकीची माहिती झाली. तक्रार उभी राहते ती अशा विधानावर.

आपल्या भागात अशी चुकीची माहिती साधारण पाच बाबतींत मिळते.

पहिली बाब व्याजदराची. "फिक्स" म्हणून विकलेले कर्ज काही वर्षांपुरतेच फिक्स असते. बदलत्या दराच्या कर्जात दर वाढला की हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते आणि कर्जदाराला त्याचा पत्ता नसतो. २० लाखांचे कर्ज, ८.५ टक्के दर, २० वर्षे मुदत, तर हप्ता सुमारे १७,३५६ रुपये. सुरुवातीलाच दर ९.५ टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर २४० हप्त्यांचे कर्ज सुमारे ३०९ हप्त्यांवर जाते. म्हणजे मुदत जवळपास पावणेसहा वर्षांनी वाढते. पंचेचाळिसाव्या वर्षी कर्ज घेतलेल्या माणसाचे हप्ते मग सत्तरीपर्यंत चालू राहतात.

दुसरी बाब विम्याची. "विमा घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही" असे सांगून मोठा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला जातो. ६० हजारांचा असा विमा ८.५ टक्के दराने वीस वर्षांत सुमारे सव्वा लाखाला पडतो. त्यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे हा विमा कशाचा आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते. कर्जदाराचा मृत्यू झाला तर कर्ज फेडणारा विमा वेगळा आणि घराच्या इमारतीचा विमा वेगळा. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेतली दुकाने आणि तळमजल्यावरची घरे पाण्याखाली गेली. त्याच दिवशी तळिये येथे आणि पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. जिथे पूर आणि दरड ही खरी भीती आहे, तिथे "तुमचे कर्ज विम्याखाली आहे" या वाक्यावरून घराचाही विमा आहे असे समजणे फार महागात पडू शकते. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांनी विकायची 'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची प्रमाणित पॉलिसी आली आहे. तिच्यात पूर, वादळ, भूकंप आणि भूस्खलन यांचा समावेश आहे. आपल्या कर्जाबरोबर आलेली पॉलिसी कोणती, हे कागद काढून एकदा पाहावे.

तिसरी बाब सरकारी अनुदानाची. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात, कर्जावरील व्याजाच्या अनुदानातून कमी उत्पन्न गटाला जास्तीत जास्त सुमारे २ लाख ६७ हजार रुपये मिळत. या गटासाठी ती सवलत ३१ मार्च २०२२ ला संपली. ती होती ती शहरी हद्दीसाठी आणि अधिसूचित नियोजन क्षेत्रासाठी. महाडला नगरपालिका आहे, पोलादपूरला नगरपंचायत आहे, पण आसपासची बहुतेक गावे ग्रामपंचायतीत येतात. घर नेमके कोणत्या हद्दीत येते हे न पाहता "अनुदान येईलच" असे कोणी सांगितले असेल आणि त्या भरवशावर कर्ज वाढवले असेल, तर नुकसान रुपयांत मोजता येते. सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदानाची कमाल रक्कम १ लाख ८० हजार आहे आणि ती पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. तेव्हा जुना आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहिलेले बरे.

चौथी बाब मालमत्तेच्या कायदेशीरपणाची. "बँकेने कर्ज दिले म्हणजे इमारत पक्की आणि कागद साफ" ही समजूत खोलवर रुजलेली आहे. बँकेचा वकील आणि मूल्यांकन करणारा अभियंता जे पाहतात, ते बँकेचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून. तो अहवाल आपल्याला दिलेले प्रमाणपत्र नव्हे. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा बळी गेला. त्या दुर्घटनेचा कर्जाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण इमारतीच्या भक्कमपणाची खातरजमा आपली आपण करायची असते, हे तिने शिकवले. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे बांधकाम महारेराच्या सक्तीच्या नोंदणीतून वगळलेले आहे. तालुक्याच्या गावातल्या पुष्कळ इमारती एवढ्याच असतात. तिथे बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतः पाहण्याला पर्याय नाही.

पाचवी बाब हप्ते थांबवण्याची. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात करोनामुळे हप्ते लांबवण्याची सवलत होती. रायगडात त्याच काळात, ३ जूनला, निसर्ग वादळही येऊन गेले. "सहा महिने भरू नका, काही होत नाही," असे अनेकांना सांगितले गेले. पण त्या सहा महिन्यांचे व्याज चालूच होते. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातील व्याजावरचे व्याज आणि दंडव्याज घेऊ नये असे सांगितले, मूळ व्याज मात्र माफ केले नाही.

कायद्याचा आधार

आपल्याकडे कर्ज देणारी संस्था "सल्ला" देते असे कागदोपत्री कुठेच म्हटलेले नसते. ती कर्ज विकते. त्यामुळे "माझा सल्ला चुकला" असे संस्था कधी मान्य करत नाही, आणि करारावर तर आपली सही असते की मी सर्व वाचले व समजून घेतले. मग कर्जदाराच्या हाती काय उरते?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा पहिला आधार. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. 'सेवेतील त्रुटी' या शब्दांची त्याने जी व्याख्या केली आहे, तिच्यात ग्राहकाचे नुकसान करणारा निष्काळजीपणा तर येतोच, शिवाय महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. खोटी किंवा दिशाभूल करणारी विधाने 'अनुचित व्यापारी प्रथे'त मोडतात.

दुसरा आधार रिझर्व्ह बँकेच्या नियमांचा. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकांच्या हक्कांची सनद प्रसिद्ध केली. न्याय्य वागणूक, पारदर्शक व्यवहार, ग्राहकाला योग्य असेच उत्पादन विकणे, गोपनीयता आणि तक्रार निवारण असे पाच हक्क तिच्यात आहेत. त्यानंतरचे नियम अधिक नेमके आहेत. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्ही करायचे की काही रक्कम आगाऊ भरायची, हे निवडण्याचा पर्याय कर्जदाराला दिला पाहिजे. तसेच हप्ता आणि उरलेली मुदत दाखवणारे विवरण दर तिमाहीला मिळाले पाहिजे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक झाले. त्यात सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे, आणि त्यात नसलेला आकार त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. पत्रक मराठीत मागायला संकोच करू नका, तो आपला हक्क आहे.

"ते आमच्या एजंटने सांगितले, बँकेने नाही," हे उत्तर वारंवार मिळते. ते ग्राह्य नाही. नेमलेल्या एजंटच्या वागण्याची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या बँकेवर असते, असेच रिझर्व्ह बँकेचे धोरण आहे.

तक्रारीने खरोखर काही बदलते का?

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," असे आपल्याकडे म्हणतात. म्हणून एक उदाहरण सांगतो. जुन्या बदलत्या दराच्या कर्जदारांची देशभर एकच तक्रार होती. दर वाढले की आमचे व्याज लगेच वाढते, उतरले की मात्र फक्त नव्या ग्राहकांना स्वस्त कर्ज मिळते. जुलै २०१० मध्ये 'बेस रेट' आला, एप्रिल २०१६ मध्ये 'एमसीएलआर' आला, तरी तक्रार कायम राहिली. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच अंतर्गत अभ्यासगटाने, ज्याचे अध्यक्ष डॉ. जनक राज होते, बँका हे दर ठरवताना मनमानी फेरफार करतात असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी मुंबईच्या मनीलाइफ फाउंडेशनने रिझर्व्ह बँकेकडे निवेदन दिले. उत्तर मिळेना, तेव्हा ती संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला त्या निवेदनावर निर्णय कळवण्यास सांगितले. पुढे १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडणे सक्तीचे झाले. दर उतरला की तो निदान तीन महिन्यांत कर्जदारापर्यंत पोचू लागला. एका निवेदनामुळेच हे सारे घडले असे नाही, पण तक्रारींच्या रेट्याशिवाय ते घडले नसते. ही सक्ती बँकांना आहे, गृहवित्त कंपन्यांना नाही, हेही ध्यानात ठेवावे.

परदेशात पाहायचे तर ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. तिथल्या बँकांनी कर्जाबरोबर गळ्यात मारलेल्या विम्याच्या तक्रारींसाठी २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख ठरली होती. तोवर आलेल्या तक्रारींपोटी बँकांना सुमारे ३८ अब्ज पौंड परत करावे लागले. त्यातली पुष्कळ माणसे एकेकटी आणि वकिलाशिवाय, साधा अर्ज भरून दाद मागणारी होती.

आधी कागद, मग तक्रार

दाद मागताना चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. काय सांगितले गेले, ते चुकीचे कसे, त्यावर विसंबून आपण काय केले, आणि त्यामुळे किती रुपयांचे नुकसान झाले. यातली पहिली गोष्ट सर्वांत अवघड. तोंडी शब्दाला साक्षीदार नसतो.

म्हणून प्रथम कागद गोळा करा. मंजुरीपत्र, कर्जकरार, मुख्य तथ्यांचे पत्रक, विमा पॉलिसी, खात्याचा पूर्ण उतारा. कराराची सर्व जोडपत्रांसह प्रत देणे हे कर्ज देणाऱ्याचे कर्तव्य आहे. ती मिळाली नसेल तर आज लेखी मागा. एजंटचे व्हॉट्सअॅप संदेश पुसू नका, फोन बदलला तरी जुना फोन जपून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाखाली असे डिजिटल पुरावे सादर करताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यासाठी वकील किंवा ग्राहक संघटनेची मदत घेता येते. कागद नसेलच तर निदान आता एक कागद तयार करा. शाखेला पत्र लिहा. "अमुक तारखेला आपल्या अमुक अधिकाऱ्यांनी मला असे सांगितले होते. प्रत्यक्षात करारात असे आहे. खुलासा करावा." या पत्राचे उत्तर आले तरी पुरावा आणि उत्तर नाही आले तरी पुरावा.

पुराव्याचे महत्त्व महाडकरांना वेगळे सांगायला नको. चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर महाडच्या न्यायालयात दावा लावला गेला. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी तिथेही बाबासाहेबांची बाजू जिंकली. तळ्याच्या वापराबाबत वादी सांगत होते ती रूढी अनादी काळापासूनची आहे, हे त्यांना पुराव्याने सिद्ध करता आले नाही. मानवी हक्काच्या त्या लढ्याशी घरगुती कर्जाच्या तक्रारीची तुलना होऊच शकत नाही. पण न्यायालयात मोठ्या आवाजाला नव्हे, पुराव्याला किंमत असते, हा धडा याच गावाने दिलेला आहे.

कोणाचे दार ठोठवायचे?

पहिली पायरी शाखा आणि त्यानंतर त्या संस्थेचा तक्रार निवारण अधिकारी. त्याचे नाव आणि पत्ता शाखेत लावलेला असतो. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी, किंवा ती स्पीड पोस्टाने पाठवावी. मागणी नेमकी असावी. "मला न्याय द्या" असे लिहून भागत नाही. "विम्याचे ६० हजार रुपये आणि त्यावरचे व्याज माझ्या कर्जखात्यात जमा करावे" असे लिहावे. नव्या जीवन विमा पॉलिसीसाठी ३० दिवसांचा फेरविचार काळ असतो. त्या मुदतीत असाल तर थेट विमा कंपनीला कळवून पॉलिसी रद्द करता येते. मुदत उलटली असेल तर विमा कंपनीकडे तक्रार आणि पुढे विमा लोकपाल, हा मार्ग आहे.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर पुढची पायरी. इथे कर्ज कोणाचे आहे हे पाहावे लागते.

कर्ज बँकेचे असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभर एकच योजना झाली, त्यामुळे कोणते कार्यालय आपले हा प्रश्न उरला नाही. तक्रार ऑनलाइन करता येते किंवा चंदीगडच्या केंद्राकडे पोस्टाने पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शुल्क नाही. तक्रार स्वतः करायची, वकिलामार्फत नव्हे. बँकेच्या उत्तरानंतर ठरलेल्या मुदतीच्या आत ती केली पाहिजे. २०२१ च्या योजनेने प्रत्यक्ष नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि मनस्ताप, वेळ व खर्चासाठी १ लाखापर्यंत भरपाईची मर्यादा घातली होती. अशा मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून तक्रार करताना चालू नियम पाहून घ्यावा. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही १ नोव्हेंबर २०२५ पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल तर तक्रार राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे. तिचीही ऑनलाइन तक्रार नोंदणी आहे. पुष्कळांची तक्रार इथेच अडते, कारण कंपनीच्या नावावरून ती बँक की कंपनी हे कळत नाही. मंजुरीपत्राच्या माथ्यावरचे पूर्ण नाव वाचावे.

कर्ज पतसंस्थेचे असेल तर रिझर्व्ह बँकेचा तिथे अधिकार नाही. सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावे लागते. मात्र सहकार कायद्यात वेगळी तरतूद आहे म्हणून सभासदाला ग्राहक न्यायालयाचे दार बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच स्पष्ट केले आहे.

आणि या सर्वांसाठी खुले असलेले दार म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. रायगडचा आयोग अलिबागला आहे. पोलादपूरहून तिथे जाऊन परत यायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो, हे खरे. पण २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. कर्ज मुंबईच्या कार्यालयाने दिले म्हणून आता मुंबई गाठावी लागत नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि ५० लाखांपर्यंतचे प्रकरण जिल्हा आयोगातच चालते. वकील सक्तीचा नाही. दाखल करण्याची मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. लोकपालाकडे जाण्यात वेळ गेला तरी ही मुदत पुढे सरकेल असे गृहीत धरू नका. आणि क्रम पाळा. आधी आयोगात गेलात तर त्याच विषयावरची तक्रार लोकपाल ऐकत नाही. आधी लोकपालाकडे गेलात आणि समाधान झाले नाही, तर आयोगाचा मार्ग मोकळा राहतो.

सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत मदत मिळते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक, औद्योगिक कामगार यांच्याबरोबरच पूर आणि मोठ्या आपत्तीत सापडलेल्यांनाही हा हक्क १९८७ च्या कायद्यानेच दिलेला आहे. महाड-पोलादपूरच्या पूरग्रस्तांना आणि दरडग्रस्तांना तो लागू पडतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

हप्ता थांबवू नका

आता सर्वांत महत्त्वाचे. रागाच्या भरात हप्ता थांबवणे ही कर्जदाराची सर्वांत महागडी चूक ठरते. तक्रार चालू आहे म्हणून वसुली थांबत नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते बुडीत वर्गात जाते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येऊ शकते आणि त्यानंतर न्यायालयात न जाताही घराचा ताबा घेण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. अशी नोटीस आलीच तर ती कपाटात ठेवू नका. त्या ६० दिवसांत लेखी हरकत घ्या. हरकत फेटाळायची असेल तर त्याची कारणे १५ दिवसांत कळवणे संस्थेवर बंधनकारक आहे. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. म्हणून हप्ता भरत राहा आणि सोबत एक पत्र द्या की "ही रक्कम मी माझ्या तक्रारीचा हक्क राखून भरत आहे."

लोक अदालतीचे बोलावणे आले तर जरूर जा. तिथे तडजोड लवकर होते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसते. सहीआधी आकडे घरी आणून दोनदा तपासावेत, घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला दाखवावेत.

ज्यांचे कर्ज फिटत आले आहे त्यांच्यासाठीही एक नियम उपयोगाचा आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण कर्जफेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ दस्तऐवज परत मिळाले पाहिजेत. संस्थेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. "मुंबईहून कागद यायला वेळ लागतो" हे कारण आता फुकट चालत नाही.

ज्यांना कर्ज घ्यायचे आहे त्यांनी मुख्य तथ्यांचे पत्रक हातात आल्यावर लगेच सही करू नये. त्यातल्या अटी मान्य करण्यासाठी कर्जदाराला किमान तीन कामाचे दिवस मिळायला हवेत, असा नियम आहे. तेवढ्या वेळात तीन प्रश्न कागदावर लिहून विचारावेत. दर कधी आणि कशावरून बदलेल? विमा माझ्या जिवाचा आहे की घराचा, आणि तो ऐच्छिक आहे का? अनुदान मिळणार असेल तर ते कोणत्या योजनेतून आणि मिळाले नाही तर हप्ता किती? या तीन प्रश्नांची उत्तरे सहीशिक्क्यानिशी मिळाली, तर पुढे तक्रार करण्याची वेळ सहसा येत नाही. आणि आलीच, तर तेच उत्तरांचे कागद आपल्या तक्रारीचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतात.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)